मार खाण्याची नोकरी

मी मार खाण्याचा पगार घेतो. जपानमधल्या एका मोठ्या बेसबॉल टीमच्या सरावात फलंदाजांना चेंडू टाकायचे हे माझं काम, आणि ते चेंडू त्यांना मारता आलेच पाहिजेत ही अट. एखाद्याचा फटका चुकला तर चूक माझी. मी "सॉरी" म्हणतो आणि त्याला हवा तिथे दुसरा टाकतो. असे दिवसाला शंभर-सव्वाशे.

पुण्यात बाबांना हे फोनवर समजावताना माझा अख्खा रविवार गेला होता.

"म्हणजे तू मुद्दाम वाईट टाकतोस?"

"नाही बाबा, चांगलाच टाकतो. मारता येईल असा."

"त्यालाच वाईट म्हणतात," बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

बाबा चाळीस वर्षं क्लब क्रिकेटचे अंपायर होते, आणि घरी आल्यावरही अंपायरच असायचे. पोह्यांत मीठ कमी पडलं तरी निर्णय देऊन मोकळे, अपील नाही. मी मध्यमगती गोलंदाज होतो, बरा होतो. हे मी म्हणतोय, बाबांनी कधी म्हटलं नाही. मी एकवीस वर्षांचा असताना एका मॅचला नेमलेले अंपायर आलेच नाहीत, म्हणून बाबा स्क्वेअर लेगला उभे राहिले. माझ्या तिसऱ्या ओव्हरला त्यांनी हात आडवा केला. नो-बॉल. कोपर वाकतंय. म्हणजे मी गोलंदाजी करत नव्हतो, चेंडू फेकत होतो, आणि क्रिकेटमध्ये याहून मोठं पाप नाही. सख्ख्या बापानेच दिलाय म्हटल्यावर शंका कोण घेणार? पुढचे दोन महिने मला सगळं मैदान 'फेक्या' म्हणत होतं. मी बूट माळ्यावर टाकले. बाबांची मात्र वाहवा झाली. काय निःस्पृह माणूस, पोटच्या पोरालाही सोडलं नाही.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी आयुष्यात एकदा म्हणावं, तू गोलंदाज होतास. बाकी काही नको. नोकरी, लग्न, फ्लॅट वगैरे लोकांना जे हवं असतं ते आपोआप होत गेलं.

जपानला मी बायकोच्या व्हिसावर आलो. तिला पुण्याच्या कंपनीने इकडे पाठवलं, आम्ही इचिकावात घर घेतलं, आणि माझ्याकडे कचरा आला. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, प्रत्येकाचा वार ठरलेला. पुण्याचा माणूस असल्याने मला लोकांना शिस्त लावायची सवय होती, इथे शेजारच्या आजी मला लावत होत्या. उरलेला वेळ मी नदीकाठच्या मैदानांवर बेसबॉल बघत काढायचो. एकदा चेंडू घरंगळत माझ्यापाशी आला. मी उचलला आणि कोपर वाकवून, कुणाच्या बापाला न भिता, सणसणीत परत फेकला. पाच वर्षं दाबून ठेवलेलं पाप एका फेकीत बाहेर आलं. तिथे एक म्हातारे कोच होते. ते धावत आले आणि विचारलं, असं परत करता येईल का?

तर असा मी बेसबॉलचा पिचर, म्हणजे तिथला गोलंदाज, झालो. पुण्यातलं पाप हा इथे चक्क धंदा होता.

धंदा छोटाच होता. लहान गावांच्या व्यावसायिक टीम असतात, तिथले खेळाडू सकाळी चेंडू टाकतात आणि दुपारी पत्रकं वाटतात. सहा वर्षांत मी अशा चार टीम केल्या. एका टीमने मला मॅचनंतर करीच्या स्टॉलवर उभं केलं होतं. करी जपानी होती, ढवळणारा हात तेवढा भारतीय. लोक माझ्या गोलंदाजीपेक्षा तिचं कौतुक करत.

इथल्या रीतीही मी चुकत-माकतच शिकलो. एकदा माझा चेंडू फलंदाजाच्या बरगडीत बसला. क्रिकेटच्या सवयीने मी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे रोखून पाहिलं. समोरची अख्खी टीम मैदानात उतरली. इथे चेंडू लागला की पिचरने टोपी काढून वाकायचं असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना ते आईच्या पोटातूनच ठाऊक असतं. मॅनेजरने मला हाताला धरून त्याच्यापुढे नेलं आणि वाकवलं. त्यानंतर मी कधी विसरलो नाही.

आणि दुसरी रीत सुटाची. हंगाम संपला की फोन येतो, "उद्या सूट घालून ऑफिसला या." बस. याचा अर्थ, पुढच्या वर्षी तुमची गरज नाही. काढून टाकायला माणूस व्यवस्थित कपड्यांत लागतो. माझ्याकडे लग्नाच्या रिसेप्शनचा एकच सूट होता. बायको दर वेळी त्याला इस्त्री करायची. चौथ्या वेळी म्हणाली, "लग्नात एकदा घातलास, घटस्फोट चार झाले."

चौथ्यानंतर तिने सांगितलं की आता एकच संधी. मी तेहतीस वर्षांचा होतो, तिचं म्हणणं रास्त होतं. योकोहामाला एका मोठ्या टीमची चाचणी होती, प्रत्येक पिचरला तीन फलंदाज, तेही चाचणीलाच आलेले. घेतलं तर बाबांना सांगता येणार होतं की मोठ्या टीमने मला गोलंदाज म्हणून घेतलंय. पहिल्याला मी बाद केलं. दुसऱ्यालाही केलं. तिसऱ्याने चेंडू सरळ माझ्या तोंडावर मारला. डाव्या हातात एवढं मोठं ग्लव्ह होतं. ते सोडून मी उजवा हात पुढे केला, उघडा. लहानपणी बाबांनी गच्चीवर रोज संध्याकाळी उघड्या हातांनी झेल घेऊन घेतले होते, हात काय विचारून जातो? कॅच घेतला. फलंदाज बाद. चेंडू सोडला तेव्हा तर्जनी भलतीकडे बघत होती.

तिथे हजर असलेल्या कोणीही असा गाढवपणा पूर्वी पाहिला नव्हता. तरी टाळ्या वाजवल्या. मी गाडीत रडलो, सरळ सांगतो.

आठवड्याने फोन आला. "उद्या सूट घालून या." बायको म्हणाली, आता तर तू कुठल्या टीममध्येही नाहीस, काढणार कुठून? सुटाला इस्त्री झाली. ऑफिसात एका गृहस्थांनी माझं प्लास्टर पाहून आधी मान तुकवली आणि मग सांगितलं की तीन फलंदाजांना टाकलेले माझे सगळे चेंडू त्यांनी मोजून पाहिलेत. एकही वळत नाही, वेग कायम तोच, मारायला इतके सोपे चेंडू त्यांनी फार वर्षांत पाहिले नाहीत. बोट बरं झालं की सरावाला चेंडू टाकायला याल का? मी म्हटलं की पहिले दोघे तर बाद झाले होते. ते म्हणाले, हो, त्या दोघांना आम्ही घेतलं नाही.

बोट वाकडं जुळलं, आणि त्यामुळे चेंडू आणखी सरळ जायला लागला. पाच वर्षं झाली. मला काढायचा विचारही कोणी करत नाही.

मागच्या वसंतात बाबा पहिल्यांदा जपानला आले. टीमची परवानगी काढून मी त्यांना सकाळच्या सरावाला नेलं. फलंदाजाच्या मागे जाळी असते, तिच्यापलीकडे खुर्ची टाकून दिली. डोक्यावर अंपायरची जुनी पांढरी टोपी. पँटच्या खिशात सहा खडे, ते पुण्याहून बरोबर आणलेले. मी चेंडू टाकला की एक खडा डाव्या खिशातून उजव्यात. मी टाकत होतो, फलंदाज मारत होता, बाबा मोजत होते.

मधल्या सुट्टीत मी पाणी प्यायला जाळीपाशी गेलो.

"दहा ओव्हर झाल्या," बाबा म्हणाले. "सगळ्या एका टप्प्यात."

"इथे टप्पा नसतो बाबा."

"माहितेय. ऐक. इथे तुझं कोपर वाकतं. इथून स्वच्छ दिसतं." ते थोडा वेळ खडे चाळवत बसले. "त्या दिवशी वाकलं नव्हतं."

मला आधी कळलंच नाही कोणता दिवस.

"ऊन डोळ्यावर होतं, मला तुझं कोपर दिसलंच नाही. आधीच्या दोन ओव्हर ते सरळच होतं. सकाळी चहाला दोघं-तिघं म्हणाले होते, आज काय, घरचाच अंपायर. म्हणून दिला. गोलंदाज होतास तू."

सतरा वर्षं जे वाक्य हवं होतं ते मिळालं, आणि असं मिळालं. मला आनंद झाला नाही. संताप आला. मी पापी आहे असं मानून खेळ बदलला, बोट मोडून घेतलं, आणि मूळ पाप झालंच नव्हतं. तोंडावर सांगायला हवं होतं. पण मैदानावरून हाक आली, पुढचा फलंदाज उभा राहिला होता, आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पाणी प्या, ऊन आहे."

परत जाऊन मी पहिला चेंडू टाकला तो सुटला. पाच वर्षांत पहिल्यांदा. सरळ जाऊन फलंदाजाच्या दंडावर बसला. सरावात फलंदाजाला चेंडू लागणं, माझ्या नोकरीत याहून मोठी चूक नाही. मी टोपी काढली आणि कमरेतून वाकलो, चांगला मोजून पाच सेकंद.

मान वर केली. फलंदाज दंड चोळत हसत होता, काही नाही, चालू दे म्हणून हात हलवत होता. आणि त्याच्या मागे, जाळीपलीकडे, बाबा खुर्चीतून उठले होते. त्यांनी ती पांढरी टोपी काढली. या माणसाला मी कधी कोणापुढे वाकताना पाहिलं नव्हतं, देवळातही ते ताठ उभे राहतात. एका हाताने जाळी धरून ते वाकले, गुडघे दुखतात तरी वाकले, आणि मी टोपी घालेपर्यंत तसेच राहिले.

माझा नमस्कार फलंदाजाला होता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. निर्णय त्यांनी दिलाय, आणि या वेळी मला अपील करायचं नाही.