टिल्टवाली

धक्क्यावर तिला सगळे टिल्टवाली म्हणतात. हे नाव सासऱ्यानं ठेवलं, आणि त्यानं ते शिवी म्हणूनच ठेवलं होतं.

होडीच्या मागे लावायची इंजिनं दुरुस्त करण्यात सासऱ्याचा जन्म गेला. त्याच्या उमेदीत इंजिन पाण्याबाहेर काढायचं म्हणजे माणूस दातओठ खात ते हातानं उचलायचा. पुढे मोठी इंजिनं आली. बटण दाबलं की तेलाच्या दाबानं सिलिंडरचा दांडा बाहेर सरकतो आणि इंजिन आपलं आपण वर येतं. या सगळ्या यंत्रणेला धक्क्यावर नुसतं टिल्ट म्हणतात. सासरा त्याला आळशांची सोय म्हणायचा. त्याच सुमारास सून घरात आली. ती खोदाईची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बापाच्या हाताखाली तयार झालेली, त्यामुळे सिलिंडर, सील, पंप हे तिचं माहेरच. सासऱ्याला टिल्ट आणि सून एकदमच गिळावी लागली, आणि दोन्ही त्याच्या घशाखाली कधी उतरली नाहीत.

गॅरेज एकच, लांबलचक पत्र्याचं. दाराजवळ सासऱ्याचं टेबल, आत खिडकीखाली तिचं. तिच्या टेबलावर कायम धुतलेलं फडकं अंथरलेलं असायचं, कारण सिलिंडरमध्ये वाळूचा एक कण गेला तरी सील कापलं जातं. सासरा मुद्दाम त्याच फडक्यावर आपली काजळी लागलेले प्लग आणून ठेवायचा. ती ते उचलून त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायची. सीलचं कपाट तिनं कुलपात ठेवायला सुरुवात केली, तेव्हा तो गिऱ्हाइकांना सांगू लागला, "चावी सूनबाईंकडे. आम्ही इथे पाहुणे आहोत."

नवरा दोघांच्या मधल्या टेबलावर बसायचा. वरून शब्द उडायला लागले की तो कार्बोरेटरमध्ये असं डोकं घालायचा, जणू त्यात पडलेलं काही शोधतोय.

एके सकाळी फेरीबोटवाला तणतणत आला. इंजिन वर उचलून ठेवलं तरी ते आपोआप खाली बसत होतं आणि पंखा चिखलात रुतत होता. महिन्याभरापूर्वीच त्याचं टिल्ट याच गॅरेजात पाहिलं होतं. सुनेनं इंजिन पूर्ण वर घेतलं, ते खाली येऊ नये म्हणून टेकूचा खटका लावला आणि मगच टाकीचं बूच उघडलं. आतलं तेल ओळखू येत नव्हतं. तिनं ते बोटावर घेऊन हुंगलं. सिलिंडर खोलला तर सीलं फुगून लिबलिबीत झालेली.

"यात ब्रेकचं तेल कुणी ओतलं?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं. कुणी ओतलं ते तिला माहीत होतं. सांभाळून घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही.

सासरा म्हणाला, "तेल ते तेल. आम्ही गोड्या तेलावरही इंजिनं चालवलीत."

"चालवली असतील. दुरुस्त मात्र केली नाहीत."

फेरीबोटवाला हसला. सासऱ्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "ज्या घरात खातेस त्याच घराची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस," तो म्हणाला. "उद्या हे काम मी करून दाखवतो. तू हात लावायचा नाहीस."

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजात पोचली तेव्हा आतून घुसमटल्यासारखा आवाज येत होता. सासऱ्यानं एकट्यानंच नवी सीलं बसवून इंजिन वर घेतलं होतं. टेकूचा खटका लावला नव्हता. मग दाब सोडायचा स्क्रू त्यानं सैल केला आणि एवढं जड इंजिन खाली आलं. त्याचा डावा हात इंजिन आणि ते धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीच्या मध्ये चेचला गेला होता.

बटण दाबून उपयोग नव्हता. स्क्रू उघडा असताना तेल आतल्या आत फिरलं असतं आणि इंजिन जागचं हललं नसतं. तिनं छताची चेनपुली ओढली, इंजिनाच्या कडीत आकडा अडकवला आणि साखळी खेचू लागली.

"जपून, कैदाशिणी," सासरा कण्हला. "मारतेस की काय मला?"

"तोंड बंद ठेवा. नाहीतर अशीच सोडून जाते."

त्या क्षणी ते तिनं मनापासून म्हटलं होतं, हे ती पुढेही नाकारत नसे. साखळी मात्र तिनं एकदाही थांबवली नाही. इंजिन वर गेलं, तिनं खटका लावला, मग हात सोडवला.

दोन बोटं गेली. दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासरा सांगू लागला, "खटका सूनबाईंनी काढून ठेवला होता. मला काय माहीत?"

तिनं ते ऐकून सोडलं असतं. त्याच्याकडून दुसरं काही ऐकायची तिला सवयच नव्हती. पण संध्याकाळी भात वाढून घेताना नवऱ्यानं ताटाकडे बघत विचारलं, "खरंच, तू खटका काढला होतास का गं?"

तिनं हातातला डाव पातेल्यात ठेवला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा दोघांच्या भांडणात बोलला होता, आणि बोलला तो हे. "तुला काय वाटतं?" तिनं विचारलं. तो जेवत राहिला.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं कपाट हातगाडीवर घातलं आणि धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला बर्फाच्या कारखान्यामागची एक शेड घेतली. राहायलाही तिथेच, माळ्यावर. नवरा दोनदा बोलवायला आला. "बाबांच्या मनात तसं काही नाही," म्हणाला. ती म्हणाली, "मग त्यांनी बोटवाल्यांसमोर एकदा सांगावं, खटका कुणी लावला नव्हता. मी त्याच पावली येते." सासऱ्यानं ते कधी सांगितलं नाही. नवरा हळूहळू येईनासा झाला. त्याचं तिला वाईट वाटलं. सासऱ्याचं काहीच वाटलं नाही.

बोटवाले आपसूक तिच्याकडे येऊ लागले. आता ती कुणालाही टिल्ट परत देताना आधी त्याच्याच हातानं खटका लावून घेते, आणि जो लावत नाही त्याला चारचौघांत झापते. तिची जीभ अजून तिखट झालीय असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे.

सासरा रोज सकाळी धक्क्यावरून फिरायला जातो. तिच्या शेडसमोर आला की मान पाण्याकडे वळवतो. ती आत कुणाशी बोलत असेल तर बोलतच राहते.