करडईच्या तेलातले बूट

उत्तरेश्वर आमच्या येरवड्याच्या सोसायटीत वॉचमन म्हणून लागला तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की हा माणूस फाटकाकडे कमी आणि झाडांकडे जास्त बघतो. वॉचमनने कुठे बघावं याचा ठराव आमच्या कमिटीने अजून केला नव्हता, म्हणून निभावलं. त्याची बायको द्वारका माझ्याकडे पोळ्या करायला येते. ती म्हणाली, "काकू, झाडावर चढणारा माणूस हाय त्यो. फाटकावर बसवलाय, एवढंच."

दोघं बार्शीकडची. आमच्याकडे लागण्याआधी, पुण्यात आल्यापासून उत्तरेश्वर झाडांच्या फांद्या छाटायचा, आणि तेही अनवाणी. बुंध्याशी चप्पल काढायची, खोडाला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मग चढायचं, ही त्याच्या घराची रीत. पायाच्या बोटांना फांदीचा पोकळपणा कळतो, असं तो सांगायचा. सांगताना छाती जरा फुगायची, पण ती फुगायला कारण होतं. इतक्या वर्षांत त्याचा पाय कधी चुकला नव्हता.

मग समाधान ठेकेदाराला हिंजवडीतल्या एका कंपनीच्या आवारातली झाडं छाटायचं काम मिळालं. उत्तरेश्वर त्याचा जुना माणूस. तिथे सुरक्षा बघणाऱ्या नम्रता मॅडमनी त्याचे उघडे पाय पाहिले आणि काम थांबवलं. "बूट नसतील तर झाडाला हात लावायचा नाही." आता यात त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. जिथे करवत चालते तिथे उघडा पाय नसावाच.

समाधान त्याला कॅम्पातल्या दुकानात घेऊन गेला. उत्तरेश्वरने अर्धं दुकान खाली काढायला लावलं. पुढे लोखंड बसवलेल्या बुटात बोटांना काहीच कळेना, गमबुटात पाय नुसता खेळायला लागला. शेवटी घोट्याच्या वर येणारा, जाड चामड्याचा, रबरी सोलचा एक जोड त्याने घातला, दुकानाच्या पायरीच्या कडेवर नुसता चवडा टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यो कड धरतोय." दुकानदाराने बजावलं, की नवीन बूट चावणार. जाड मोजे घालून रोज थोडा वेळ घराजवळ फिरा, पाय वाकवा, चामडं सैल होऊ द्या, मगच झाडावर न्या.

सल्ला सोन्यासारखा होता. पण पहिल्याच संध्याकाळी तो बूट घालून वस्तीत निघाला आणि नळावरून कोणीतरी ओरडलं, "काय हवालदार, कुणाला धरायला निघालात?" झालं! बूट कोपऱ्यात गेले. फांदीच्या टोकावर वारा झेलत उभा राहणारा हा गडी नळावरच्या चार लोकांच्या हसण्याला भ्यायला, याचा मला अजून राग येतो. काम सुरू झालं तेव्हा तेच कडक बूट घालून गेला आणि टाचा सोलून घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी तेच.

द्वारकाला ते बघवेना. तिच्या माहेरी नव्या वहाणा तेलात बुडवून ठेवायचे. चामडं तेल प्यायलं की कितीही कडक वहाण मऊ पडायची. तिने रविवारी परातीत करडईचं तेल ओतलं, बूट त्यात ठेवले, वरून, आतून तेल चोळलं आणि दिवसभर पत्र्यावर उन्हात वाळवले. वहाणेचा तळही चामड्याचा असतो आणि तो दोऱ्याने शिवलेला असतो. या बुटाचा सोल रबराचा होता, सोल्युशनने चिकटवलेला. हा फरक तिच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. बूट लोण्यासारखे मऊ झाले. उत्तरेश्वर खूश! चारचौघांत बायकोचं कौतुक करायची त्याला सवय नाही, तरी समाधानला म्हणाला, "मालकिणीनं बूट वठणीवर आणला."

तेल हळूहळू आपलं काम करत होतं. एका सकाळी उंच फांदीवर त्याने डाव्या पायावर भार टाकला आणि पाय सटकला. कमरेच्या दोराने जीव वाचवला, पण झोका घेऊन तो खोडावर आदळला आणि गुडघा फुटला. दवाखान्यात बूट काढून पिशवीत घालून द्वारकाच्या हातात दिले. तिने पिशवी उघडली. डाव्या बुटाचा सोल चवड्यापासून सुटून लोंबत होता, आणि आतून करडईच्या तेलाचा वास येत होता.

तिने ती पिशवी घंटागाडीत टाकली. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर उत्तरेश्वर पहिलं वाक्य बोलला, "माझा पाय चुकला." सुटलेल्या सोलचं तिने त्याला सांगितलं नाही. तो झाडं सोडून आमच्या फाटकावर आला, आणि आज सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं गेली. मला तिने हे पोळ्या लाटता लाटता सांगितलं, आणि पोळी तव्यावर करपली तरी तिला कळलं नाही.

गेल्या महिन्यात समाधान त्यांच्या घरी आला. गुडघा भरून आला होता, डॉक्टरांनीही हरकत नाही म्हटलं होतं. नवे बूट देतो, दोर धरायला दोन माणसं देतो, परत ये, म्हणाला. उत्तरेश्वरने मान हलवली. "गुडघ्याचं न्हाय, मालक. माझा पाय आता झाड वळखत न्हाय. ज्याचा भरवसा न्हाय, त्यो वर न्यायचा कशाला?"

समाधान गेला आणि द्वारकाच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. परात, तेल, ऊन, सुटलेला सोल. "तुमचा पाय चुकला नव्हता. माझं तेल चुकलं." आता तो हात उगारेल, निदान ओरडेल, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

उत्तरेश्वर हसला! डावा पाय मांडीवर घेऊन त्याने बोटं एकेक करून चाचपली. "म्हंजी ह्यो चुकला नव्हता?" त्याने तीनदा विचारलं, आणि तिने तीनदा नाही म्हटलं. समाधानला थांबवायला म्हणून त्याने उठून फोन हातात घेतलासुद्धा. चारचौघांत बायकोचं कौतुकही न करणारा तो माणूस त्या क्षणी तिला जवळ घेणार होता, असं द्वारका म्हणते.

मग तो थांबला. "तुला कवा कळलं?"

"दवाखान्यात. त्याच दिवशी."

तो परत खाली बसला. फोन हातात तसाच राहिला.

"रोज निजताना ह्या पायाला शिव्या देत हुतो, द्वारके," तो म्हणाला. "तू शेजारीच हुतीस."