परळच्या गाळ्याचं छत

रूट कॅनालच्या दवाखान्यासाठी मी परळला एक गाळा भाड्याने बघत होतो. टेप लावून भिंती मोजल्या, पाण्याची लाइन विचारली. तेवढ्यात तोच गाळा बघायला आणखी एक दातांची डॉक्टर आली. तिने पर्स मालकांच्या हातात दिली आणि इस्त्रीच्या साडीनिशी सरळ धुळीत उताणी झोपली.

"काका, पेशंटला तासभर हेच छत दिसणार. पोपडे तेवढे काढून द्याल ना?"

मालक खूश. गाळा तिलाच मिळाला.

आता माझा दवाखाना भोईवाड्यात आहे. छत मी आकाशी रंगवून घेतलंय. पेशंट म्हणतात, "डॉक्टर, काय छान सुचलं हो तुम्हाला!"

मी थँक्यू म्हणतो. तिचं नाव मला ठाऊक नाही. असतं, तरी सांगितलं नसतं.