नऊ लाल फिती

मावशी भित्री आहे, हे शपथेवर सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं. एकोणीस वर्षं ती शहरातल्या लोकांना पाठीवरच्या सॅकसकट जंगलातल्या गावात, तिथून वर धबधब्यापर्यंत न्यायची आणि दिवस मावळायच्या आत बसपाशी आणून सोडायची. बाई धिप्पाड, आवाज खणखणीत. पण वाट त्या ओल्या, दाट झाडीत शिरली की रोज न चुकता तिला भीती गाठायची. मग ती बडबड सुरू करायची. लोक म्हणायचे, काय बोलकी बाई आहे!

भीतीवर तिनं स्वतःपुरता एक तोडगा काढला होता. सकाळी प्रत्येकाच्या सॅकला ती लाल फीत बांधायची. झाडीत चेहरे कुठले दिसायला, दिसतात त्या पाठी. फिती मोजल्या की माणसं मोजली. शिवाय निघताना एक भाषण ठरलेलं, “कुणी मागं राहिलंच, तर जागचं हलायचं नाही. मी येणार म्हणजे येणारच.” आजवर कुणी मागं राहिलंच नव्हतं, त्यामुळे बोललेलं करून दाखवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. मनातून तिला खात्री होती की तशी वेळ आली, तर आपले पाय उचलणारच नाहीत.

त्या दिवशी नऊ जण होते. त्यात एक म्हातारा शिंपी आणि त्याचा जावई. चाळीस वर्षं मशीनवरून न उठलेल्या सासऱ्याला जावयानं ओढूनच आणलं होतं. शिंपी वाटेतलं प्रत्येक पान चिमटीत धरून कापडासारखं तपासत चालला होता.

धबधब्याखाली सगळे मनसोक्त भिजले. तेवढ्यात मावशीला पाणी गढूळ झालेलं दिसलं. वर डोंगरात पाऊस लागला होता. “उठा, उठा! आवरा!” ती ओरडली आणि ओढ्यावर आडवा बांधलेला दोर तपासायला पुढं धावली. एरवी ती सगळ्यांच्या मागून यायची. ओढ्यावर रीतीप्रमाणे आधी सॅक हातोहात पलीकडे गेल्या. तिनं फिती मोजल्या. नऊ. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती तरातरा गावाकडे निघाली.

गावात तिच्या नणंदेनं नऊ ताटं वाढली. आठ रिकामी झाली.

“हे कुणाचं गं?” नणंदेनं विचारलं.

जावयानं आजूबाजूला पाहिलं. “मामा कुठायत? त्यांचा चष्मा धबधब्यापाशी राहिला होता. सॅक माझ्याकडे दिली, म्हणाले, तू हो पुढं, मी मावशींबरोबर येतो.” मग तो पांढराफटक पडला. “मावशी, तुम्ही... तुम्ही तर पुढं होतात.”

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. नऊ फिती, आठ माणसं. अक्कल गहाण ठेवली होती का मी, असं स्वतःला म्हणत ती पळत सुटली. मागून जावई.

ओढा आता कमरेच्या वर चढला होता. “तुम्ही हे टोक धरा,” ती जावयाला म्हणाली आणि सोबत आणलेल्या दोराचं दुसरं टोक कमरेला बांधून पाण्यात उतरली. तिला परत फिरायचं होतं. अगदी मनापासून परत फिरायचं होतं.

धबधब्याच्या आवाजात तिच्या हाका विरून गेल्या. लोक बसले होते तो खडक पाण्याखाली गेला होता. कडेच्या मुळांत एक चप्पल अडकलेली होती, शिंप्याची. ती चप्पल छातीशी धरून मावशी नुसती उभी राहिली.

“मावशी, इकडं वर!”

शिंपी काठावरच्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसला होता. डोळ्यांवर चष्मा, एक पाय अनवाणी. “जागचं हलू नका म्हणाला होतात,” तो ओशाळून म्हणाला, “पण पाणी आलं, म्हणून चार हात वर सरकलो. चालेल ना?”

“घाबरला नाहीत?”

“कशाला? तुम्ही येणार म्हणाला होतात की.”

मावशी तिथंच चिखलात बसली आणि ढसाढसा रडली. “मला फार भीती वाटते हो या जंगलाची,” ती म्हणाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

शिंप्यानं तिला रडू दिलं. मग दोघं एकाच दोराला बांधून घेऊन ओढ्यात उतरली आणि जावयानं पलीकडून ओढून घेतली. सासऱ्याला मिठी मारून तो त्यांच्यावरच खेकसला.

बसपाशी मावशीनं सॅकच्या फिती सोडल्या आणि एकेकाच्या मनगटाला बांधल्या. प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघून मोजलं. नऊ.

“आणि तुमची?” शिंप्यानं विचारलं.

“मला कशाला?”

शिंप्यानं आपल्या मनगटाची फीत सोडली, कॉलरखाली टोचलेली दोरा ओवलेली सुई काढली आणि मावशीची ओली बाही चिमटीत धरली.

“हलू नका,” तो म्हणाला. फीत शिवून झाल्यावर त्यानं दोरा दातानं तोडला आणि तिच्या खांद्यावर बोट टेकवून पुढचा आकडा म्हटला, “दहा.”