व्याह्यांच्या गावावरून शंभर किलोमीटर

त्या दिवशी मला दोन कामं करायची होती. एक, बुऱ्हाणपूरहून देडतलाईला सायकलनं जाऊन परत यायचं, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा एका दिवसात शंभर किलोमीटर पुरे करायचे. दुसरं, वाटेत खकनारला माझ्या मुलीचं सासर आहे, तिथं थांबून व्याह्यांना एक वाक्य बोलायचं : पोरीचं बी.ए.चं शेवटचं वर्ष लग्नामुळं राहिलंय, तिला परीक्षेला बसू द्या. पहिल्या कामाची तयारी मी पाच महिने केली. दुसऱ्याची तयारी म्हणून आंघोळ करताना ते वाक्य चारपाच वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं. बादलीनं काही आक्षेप घेतला नाही.

मुलीनं फोनवर सांगितलं होतं, "पप्पा, तुम्ही बोललात तर इकडचे बाबा ऐकतील. फॉर्मची तारीख जवळ आलीय." मी म्हटलं, "तू बिलकूल काळजी करू नको." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं की आमच्या घरात सगळे काळजीला लागतात.

कारण मी पक्का आरंभशूर. हार्मोनियम शिकायला लागलो तेव्हा पेटीच्या किमतीइतकेही सूर हाताला लागले नाहीत. गच्चीवर खोली काढायला घेतली, तिला आज तीन भिंती आहेत. होमिओपॅथीचा पत्रव्यवहारी कोर्स केला, तो खोकल्यापर्यंत आला आणि थांबला. कागद कारखान्यातून रिटायर झाल्यावर गिअरची सायकल घेतली, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "घ्या. कबुतरांना बसायला बरी." मला राग आला. खरं सांगायचं तर राग यासाठी आला की तिचं बरोबर होतं.

म्हणून हे शंभर मला पुरे करायचेच होते. आणि नाहीच जमले तर शोभा नको, म्हणून मुलीला बजावून ठेवलं होतं, मी येणार हे सासरी कोणाला सांगू नकोस. इथंच माझी अक्कल शेण खायला गेली होती.

डिसेंबरची थंडी. पहाटे निघालो. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर पिवळा गॉगल आणि खाली ती खास सायकलवाल्यांची चड्डी, मागं गादी लावलेली. दुकानदार म्हणाला होता, अंकल, शंभर करायचे तर ही पाहिजेच. ती घालून चाललो की माझं मलाच लहान बाळासारखं वाटायचं. केळीच्या बागा, कपाशीची रानं मागं पडत गेली. वाटेत तीन मोटरसायकलवाल्यांनी थांबून विचारलं, "काका, गाडी बिघडली का? छोड दूँ क्या?" या वयाचा माणूस सायकलवर एवढ्या लांब आपखुशीनं जातो, यावर आमच्याकडं कोणाचा विश्वास बसत नाही.

खकनारला पोचलो तेव्हा साडेआठ वाजले असतील. व्याह्यांचं घर रस्त्यालाच. मनात म्हटलं, आत्ताच बोलून टाकू, मग मोकळ्या मनानं पुढं जाऊ. सायकल टेकवली आणि दारात जाऊन उभा राहिलो. पण मागचा चढ जोरात मारल्यामुळं छाती भात्यासारखी चाललेली, तोंडातून शब्द फुटेना. आणि आमच्याकडं नातेवाईक फोन न करता, सकाळच्या पारी, असा धापा टाकत दारात आला की त्याचा अर्थ एकच असतो.

विहीणबाई ओसरीत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "काय झालं हो? विहीणबाई बऱ्या आहेत ना?"

मला म्हणायचं होतं, काही नाही, दम घेऊ द्या. शब्द निघेना म्हणून मी नुसता हात हलवला. माणूस 'संपलं सगळं' म्हणताना हलवतो, नेमका तसाच.

विहीणबाईंनी जो हंबरडा फोडला, तो बस स्टँडपर्यंत गेला असेल. शेजारच्या दोन बायका पदर तोंडाला लावून आल्या. व्याही घमेलं टाकून मागच्या दारानं धावत आले, मला मिठी मारली आणि म्हणाले, "हिंमत ठेवा, व्याहीबुवा. कधी गेल्या?" एवढ्यात माझी मुलगी आतून आली. तिनं हेल्मेट पाहिलं, गॉगल पाहिला, चड्डी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "आई, रडू नका," ती सासूला म्हणाली, "मम्मी एकदम ठीक आहे. हे पप्पांचं सायकलचं चाललंय."

रडणं थांबलं आणि सगळ्यांचं लक्ष चड्डीवर गेलं. विहीणबाईंनी तोंड फिरवलं. व्याह्यांनी दोरीवरची लुंगी ओढली आणि माझ्या हातात दिली. "आधी हे गुंडाळा," म्हणाले.

आता लुंगी गुंडाळून, हेल्मेट मांडीवर घेऊन, ज्यांना नुकतं रडवलं त्यांच्यापुढं बसून मी पोरीच्या परीक्षेचं काय बोलणार? मुलगी पोह्यांची बशी देताना माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "पोहे छान झालेत." ती आत गेली. मला माझीच लाज वाटली, पण पोहे मात्र मी दोनदा घेतले.

निघालो तर व्याही आडवे. "सायकलवर? अजिबात नाही. पिकअपमध्ये सायकल टाकतो, घरी सोडतो. लोक काय म्हणतील, व्याह्याला सायकलवर वाटेला लावलं?" मी हातापाया पडलो, हे शंभर माझ्यासाठी काय आहेत ते सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "ठीक. तुम्ही चालवा. पण मी सोडायला येतो."

सोडायला म्हणजे गावाच्या वेशीपर्यंत, असं मला वाटलं. ते मोटरसायकल काढून माझ्यामागं देडतलाईपर्यंत आले, आणि तिथून परत माझ्यामागंच. दुसऱ्या गिअरमध्ये, फटफट करत, हँडलला जेवणाचा डबा अडकवून. रस्त्यात जो ओळखीचा भेटेल त्याला ओरडून सांगायचे, "समधी हैं हमारे! शौक है इनको. घर पे फोरव्हीलर है." फोरव्हीलर माझ्याकडं नाही. मी मान खाली घालून पेडल मारत होतो.

देडतलाईच्या बाजारात चहा पिताना आम्ही एका बाकावर बसलो. वाक्य जिभेवर आलं. मी म्हटलं, "यंदा कपाशीला भाव कसा आहे?" परतताना झाडाखाली डबा सोडला, भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. वाक्य पुन्हा आलं. मी म्हटलं, "भरीत एक नंबर." ते माझ्याकडं बघत राहायचे, मी बोलायचं थांबलो की हूं म्हणायचे आणि गाडीला किक मारायचे. ऐंशीनंतर मांड्या दगड झाल्या. गादीची चड्डी ही शुद्ध फसवणूक आहे हे तेव्हा कळलं. पण मांड्यांपेक्षा ते न बोललेलं वाक्य जड झालं होतं. दर दोन किलोमीटरला मी स्वतःला शिव्या देत होतो.

संध्याकाळी घरापाशी आलो. बायको फाटकात उभी. "झाले का पुरे?" मी मोबाईल पाहिला. अठ्ठ्याण्णव. माझा हिशेबही अर्धवटच निघाला. सायकलवरून पाय काढत मी म्हटलं, "झाले की, जवळजवळ."

"जवळजवळ नाही," मागून व्याही बोलले. "दोन बाकी आहेत. चला, शनवारा चौकाकडं एक चक्कर."

मला रडू येईल असं वाटलं, पण गेलो. ऑटोरिक्षांच्या गर्दीतून, गाड्यांचे हॉर्न खात. परत येताना एका उसाच्या रसाच्या गाड्यापाशी शंभर झाले. मी तिथंच थांबलो, सायकलला धरून उभा राहिलो आणि वळून एका दमात बोलून टाकलं, "पोरीचं शेवटचं वर्ष राहिलंय, तिला परीक्षेला बसू द्या."

व्याह्यांनी गाडी बंद केली. "हे तुम्ही बोलाल म्हणून मी सकाळपासून मागं फिरतोय," ते म्हणाले. "सूनबाईनं मला दिवाळीतच विचारलं. मी म्हटलं, माझी ना नाही, पण तुझ्या पप्पांना बोलू दे."

"मी कशाला?"

"लग्नाच्या बैठकीत आम्ही म्हटलं होतं, पोरीची परीक्षा होऊन जाऊ द्या, मग उन्हाळ्यात लग्न करू. तुम्हीच म्हणालात, तिचं शिक्षण काय, राहिलं तरी चालतं. ती चहा घेऊन दारातच उभी होती."

मी नाही म्हणणार होतो. मग आठवलं. हसत हसत म्हणालो होतो मी ते, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून. आणि तेव्हापासून दोन वर्षं मी मनातल्या मनात या माणसाला जुन्या वळणाचा म्हणत होतो.

तिथूनच मुलीला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"फॉर्म भर," मी म्हटलं. "आणि ऐक, तेव्हा बैठकीत मीच..."

"माहितीये, पप्पा," ती म्हणाली. "शंभर झाले का?"