तीन अंड्यांचा फोटो

फोटूमामा दिवसाला एकच फोटो काढत. पक्षी समोर तास-दोन तास बसून असला तरी बटण एकदाच दाबायचं. वाटूर फाट्यावर त्यांचा स्टुडिओ होता. छत्तीस फोटोंच्या रोलवर अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळे हातात डिजिटल कॅमेरा आला तरी त्यांच्या बोटाची सवय काही सुटली नाही. फोटो बिघडला तर तोही मला पाठवून देत आणि खाली लिहीत, "आज चंडोल हालला. उद्या बघू."

ते माझे सख्खे मामा नव्हेत. आमचं घर स्टुडिओच्या मागे, म्हणून मामा. शाळेपासून बारावीपर्यंत माझ्या ओळखपत्रांचे सगळे फोटो त्यांनीच काढले आणि प्रत्येकात मी रागावलेली दिसते, कारण मला हसू आलं की ते कॅमेरा खाली ठेवत. "हसून राह्यली का? हस. झालं की सांग," म्हणत आणि स्टुलावर बसून राहत. पुढे घरोघरी फोन आले आणि स्टुडिओ ओस पडला. त्याच सुमारास मामी गेल्या. एकुलती मुलगी लग्न होऊन जालन्याला. मग मामा कॅमेरा गळ्यात घालून गावामागच्या पाझर तलावावर जाऊ लागले.

पाखरांशीही ते गिऱ्हाइकासारखेच वागत. एकदा सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेले होते. मामा बांधावर मांडी घालून बसले आणि समोरच्या वेड्या राघूला हळूच म्हणाले, "मान जरा वर. खांदे सरळ." राघूच्या चोचीत मधमाशी होती. "आता बघ, फांदीवर घासंल," मामा म्हणाले. "नांगी काढल्याबिगर खात न्हाई. अन् लोक त्यालाच येडा म्हणतेत." राघूने खरंच मधमाशी फांदीवर घासली. ते 'खांदे सरळ' आठवून मला फस्सकन हसू आलं आणि राघू उडाला. त्या दिवशी फोटो झालाच नाही. मामा रागावलेही नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाले, "तू बघितलं ना? बास झालं."

मी पुण्याला नोकरीला लागले तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा फोटो येऊ लागला. खाली एखादी माहिती. सुगरणीचा नर खोपा अर्धा विणून थांबतो, मादी येऊन बघून जाते, तिला पसंत पडला नाही तर तो बिचारा दुसरा विणायला घेतो. टिटवी उन्हाळ्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार करते. अंडी बहुतेक चार असतात आणि ती टोकं आत करून गोल मांडलेली असतात. शेवटी ठरलेलं वाक्य, "बघून सांग." मी बसमध्ये उभ्या उभ्या "मस्त मामा" लिहून मोकळी होत असे. कित्येकदा फोटो उघडायचाही कंटाळा यायचा. असे फोटो ते पन्नास जणांना पाठवत असतील, एक आपण नाही बघितला तर काय बिघडतं, असं मला वाटे.

गेल्या उन्हाळ्यात एक फोटो आला. नुसता मुरूम, खडेच खडे. खाली लिहिलं होतं, "टिटवीची अंडी. मला तीन दिसून राह्यलेत. तुला किती? जल्दी सांग." मी मीटिंगला निघाले होते. फोटो मोठा करून न बघताच लिहिलं, "हो मामा, तीनच. मस्त."

पावसाळा सरता सरता फोटो यायचे बंद झाले. ते माझ्या लक्षात यायलाही आठवडा गेला. आईला फोन केला तेव्हा कळलं, मामा स्टुडिओच्या काचेच्या दारावर जाऊन आदळले होते. मुलीने जालन्याला नेऊन डोळे दाखवले. काचबिंदू निघाला. तो कडेकडेने नजर खात आत आला होता, आणि गेलेली नजर काही परत येत नाही. त्या रात्री मी त्यांचे जुने फोटो काढून बसले. मुरमाचा फोटो मोठा केला आणि मोजली. अंडी चार होती.

दिवाळीत जालन्याला गेले. मामा मुलीच्या घरी गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. कॅमेरा गळ्यात नव्हता, त्यामुळे ते मला उगीच लहान झाल्यासारखे वाटले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी सांगितलं, "मामा, ती अंडी चार होती."

"डाव्या अंगाला होतं का चौथं?"

"हो."

"मला वाटलंच व्हतं," ते म्हणाले. "चार पायजेत, मंग तीन कशी? कोल्ह्यानं नेलं का माझ्या डोळ्यातच काही हाय, ते समजंना. म्हणून तुला इचारलं. तू तीनच म्हणलीस. म्हणलं, डोळे बराबर हायेत. मंग डॉक्टरकडं गेलोच न्हाई."

पाखरांची माहिती सांगत तशाच आवाजात त्यांनी हे सांगितलं. मला खूप लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणखी कुणाला विचारलं नाहीत?"

"कुणाला इचारू? फोटू तुलाच पाठवत व्हतो."

मग त्यांनी कान टवकारले. "समोर तारेवर कोण हाय गं? रंग सांग. घाई करू नको." मी मान वर करेपर्यंत ते पाखरू गेलं होतं.

"उडालं, मामा."

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "बघितलं ना नीट?"

मी उठून कठड्यापाशी गेले आणि तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा एकदा बघून आले.