एजंट पावणेआठचं दुसरं मिशन

धम्मरत्न सोनकांबळे चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला ऑपरेटर होता. मूळचा उदगीरकडचा. विशीत इकडे आला, चिखलीत दोन खोल्यांचं घर केलं आणि बावीस वर्षं पत्रे ठोकणाऱ्या मशीनसमोर उभा राहिला. पण कंपनीत त्याला त्याच्या नावानं हाक मारणारे थोडेच. बाकी सगळे त्याला 'पावणेआठ' म्हणत.

त्याचं कारण सोळा वर्षांपूर्वीचं एक नाटक. कंपनीच्या वर्धापनदिनाला स्टोअरच्या साहेबरावांनी हेरकथेची टर उडवणारं नाटक लिहिलं होतं, 'एजंट पावणेआठ'. पावणेआठ हा जगातला सगळ्यात बावळट गुप्तहेर, आणि ते काम धम्मरत्नकडे होतं. काळा कोट, काळा चष्मा, कानात यंत्र. पडद्यामागून साहेब हुकूम सोडायचा आणि हा भलतंच ऐकायचा. साहेब म्हणायचा, "गेटवर पहारा आहे!" आणि पावणेआठ खूश होऊन विचारायचा, "गेटवर फराळ आहे? मग आधी खाऊन घेतो, साहेब." साहेब ओरडायचा, "मागच्या दाराने ये!" तर हा म्हणायचा, "मावशीच्या दिराने? तो कशाला येतोय मध्येच?" लोक खुर्च्यांवरून घसरले होते. तेव्हापासून धम्मरत्न कुठंही दिसला की कुणीतरी विचारायचंच, "काय राव, फराळ झाला का?"

या वर्षी साहेबरावांची निवृत्ती जवळ आली आणि त्यांनी दुसरा भाग लिहायला घेतला. धम्मरत्नला हे कळलं तेव्हा तो हबकला. कारण दोन-तीन वर्षांपासून त्याला खरोखरच कमी ऐकू येत होतं.

हे कुणालाच माहीत नव्हतं, घरीसुद्धा नाही. गंमत अशी की ते लपवायची त्याला फारशी गरजच पडली नव्हती. बायको मिनल एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवो, मामाचा फोन आलाय." तो म्हणाला, "कामाचा? आज सुट्टी हाय म्हणावं." लेक पिंकी पोट धरून हसली. मिनलही हसली. "ह्यांचं नाटक काही संपायचं नाही," म्हणाली. तो जितका चुकायचा तितका तो विनोदी ठरायचा. त्यालाही मग तसंच हसावं लागायचं.

कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसायचं, हेडफोन लावायचा, आवाज आला की बटण दाबायचं. गेल्या वर्षी त्यानं काचेत पडलेलं तंत्रज्ञाच्या हाताचं प्रतिबिंब पाहून बटण दाबलं होतं आणि पास झाला होता. नापास झालो तर प्रेसवरून काढतील, पॅकिंगला बसवतील, पोरं कीव करतील, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

तालमी पहिली पाळी सुटल्यावर ट्रेनिंग हॉलमध्ये व्हायच्या. या वेळी साहेबाच्या जागी 'मॅडम' होत्या. ते काम क्वालिटीतल्या स्वरूपाकडे होतं. ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन आलेली, सव्वीस वर्षांची, चुणचुणीत मुलगी. पहिल्या भागात साहेब स्वतः साहेबरावच झाले होते, त्यांचा नगाऱ्यासारखा आवाज धम्मरत्नला आजही ऐकू आला असता. स्वरूपाचा आवाज बारीक. त्यात ती विंगेत उभी राहून बोलणार, म्हणजे ओठ दिसायची सोय नाही. त्यानं रात्रपाळीतल्या जेवणाच्या सुट्टीतही वही उघडून तिची वाक्यं आणि आपली वाक्यं पाठ केली. ती किती सेकंद बोलते ते मनात मोजायचं आणि आपलं वाक्य टाकायचं. असं जमत होतं.

जमत नव्हतं ते साहेबरावांचं. जुने विनोद त्यांनी तसेच घेतले होते. पहिल्या भागात पावणेआठची गुप्त खूण म्हणजे मिस्ड कॉल. एक मिस्ड कॉल म्हणजे धोका, दोन म्हणजे चहा आला. तेव्हा यावर टाळ्या पडल्या होत्या. आता तालीम बघायला बसलेली ट्रेनी पोरं एकमेकांकडे बघत राहिली. एकानं विचारलंच, "पण सर, तो फोन उचलत का नाही?"

साहेबरावांचं तोंड एवढंसं झालं. "रत्ना, हसत नाहीत रे ही. सगळं शिळं झालंय का?"

पोरं एकाच गोष्टीला हसत होती. धम्मरत्न चुकीचं ऐकायचा तेव्हा. आणि नेमकं तेच त्याला स्वतःला आता विनोदी वाटत नव्हतं.

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात शॉपमध्ये एक प्रकार घडला. धम्मरत्न पॅलेटशेजारी उभा राहून जॉबचे नंबर बघत होता. मागून फोर्कलिफ्ट उलटी येत होती. तिचा बीप बीप चालू होता, ड्रायव्हर ओरडत होता. एकदम कुणीतरी त्याची बाही धरून त्याला खेचलं. लोखंडी पॅलेट त्याच्या पोटरीला घासून गेलं. वळून बघतो तर स्वरूपा.

"काय मॅडम, एजंटवर हल्ला?" तो सवयीनं म्हणाला.

स्वरूपा हसली नाही. ती पांढरीफटक पडली होती. ती त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "काका, तुम्हाला बीप ऐकू आला नाही."

"लक्ष नव्हतं."

"तालमीतही तुम्ही माझं वाक्य संपायच्या आत बोलता. एकदा मी मुद्दाम शेवटचा शब्द बदलला होता. तुम्हाला कळलं नाही."

त्यानं हात जोडले. "पोरी, कुणाला सांगू नको. निदान नाटक होऊ दे."

"मी नाही सांगणार," ती म्हणाली, "पण तुम्ही सांगा. उद्या मी जवळ नसेन."

त्यानं मान हलवली, सांगितलं मात्र कुणालाच नाही.

प्रयोग आकुर्डीच्या एका सभागृहात होता, रविवारी दुपारी चारला. साडेतीनला साहेबराव मेकअपच्या खोलीत आले. त्यांना रात्रभर झोप नव्हती. "मिस्ड कॉलचा सीन कापला," ते म्हणाले. "त्याऐवजी स्वरूपा मनाला येईल ते हुकूम देईल, आणि रत्ना, तू तिथल्या तिथं उलटसुलट ऐकायचं. तुला काय अवघड आहे!"

स्वरूपानं धम्मरत्नकडे पाहिलं. "काका, वाक्यं लिहून देऊ का?"

समोर सहा-सात माणसं उभी होती. धम्मरत्न म्हणाला, "लिहायला कशाला पाहिजे? टाक तू. झेलतो."

बोलून गेला आणि पाठ फिरवून कोटाची बटणं लावू लागला.

पडदा वर गेला. पहिला प्रवेश पाठ होता, निभावला. मग तो सीन आला. विंगेतून आवाज आला. त्याच्यापर्यंत पोचलं ते फक्त गुणगुणल्यासारखं काहीतरी, मध्येच एक 'आ' आणि शेवटी एक 'ई'. स्वरूपानं हुकूम दिला होता, "एजंट, शोधा चावी." धम्मरत्नच्या तोंडून निघालं, "भाची? माझी भाची या भानगडीत नाही, मॅडम!"

सभागृह फुटलं. मागच्या रांगांतली पोरं उभी राहून शिट्ट्या मारू लागली. त्याला तो हशा लांबून पत्र्यावर वाळू पडावी तसा ऐकू येत होता. दुसरा हुकूम आला. यावेळी काहीच कळलं नाही. तो कानातलं यंत्र ठोकू लागला. पुन्हा हशा. तो विंगेच्या दिशेनं दोन पावलं गेला, कानाशी हात नेला. आणखी मोठा हशा. सोळा वर्षांपूर्वी लोक इतके हसले नव्हते. आणि तो मनात म्हणत होता, आता थांबा रे, मला खरंच काही ऐकू येत नाही. कोटाच्या आत सदरा पाठीला चिकटला होता. आपण कुठल्या वाक्यावर आहोत हेही तो विसरला होता.

तेवढ्यात स्वरूपा माईक ठेवून सरळ रंगमंचावर आली. नाटकात मॅडम कधीच दिसत नाहीत, त्यामुळे लोक क्षणभर गोंधळले. ती त्याच्यासमोर उभी राहिली, त्याचा काळा चष्मा काढून त्याच्याच खिशात ठेवला आणि सावकाश म्हणाली, "एजंट, मिशन संपलं. घरी चला."

त्यानं तिचे ओठ वाचले. "चला," म्हणाला. पडदा पडला तो टाळ्यांतच.

आत साहेबरावांनी त्याला मिठी मारली. "कमाल केलीस! म्हातारा विनोद, पण तू त्याला उभा केलास. तिसरा भाग लिहितो बघ!"

"साहेबराव, मी नाटक नव्हतो करत. मला ऐकूच आलं नाही."

साहेबराव खदाखदा हसले. तो पुन्हा म्हणाला. बाकीचेही हसले. तो तिसऱ्यांदा म्हणाला, या वेळी जरा ओरडून, तर कुणीतरी त्याची पाठ थोपटली, "बास कर, भावा, पोट दुखायला लागलं."

मिनल पिंकीला घेऊन दारात आली होती. तिनं तिन्ही वेळा ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. नवरा वैतागून आरशाकडे वळला होता, त्याची पाठ तिच्याकडे होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिनं कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं. तिनं चार हातांवरून हाक मारली, "धम्मरत्न."

सगळे तिच्याकडे वळले. तो वळला नाही. आरशासमोर मान खाली घालून तोंडावरचा रंग पुसत राहिला.

साहेबराव मटकन खुर्चीवर बसले. मिनल पुढं आली, त्याच्या खांद्याला धरून त्याला आपल्याकडे फिरवलं आणि म्हणाली, "मी दोन वर्षं हसायलेय. तुम्ही मला हसू दिलं?" आणि रडायला लागली. त्याला सगळं ऐकू आलं नाही, पण कळलं सगळं.

सोमवारी तो आपणहून कंपनीच्या डॉक्टरांकडे गेला. दोन्ही कान गेलेले होते, उजवा जास्त. त्याला प्रेसवरून काढलं. ज्या गोष्टीची भीती होती ती झाली, फक्त पॅकिंगऐवजी नव्या पोरांना मशीनची सुरक्षा शिकवायचं काम मिळालं. कानामागे यंत्रं आली. पहिला आठवडाभर भांडी, हॉर्न, चिखलीतल्या वर्कशॉपचे ग्राइंडर, सगळंच अंगावर यायचं आणि तो यंत्रं काढून डबीत ठेवायचा. मिनल डबी त्याच्यासमोर आणून ठेवायची.

शिकवायच्या पहिल्या दिवशी वर्गात तीस पोरं होती. शेवटच्या बाकावरून कुणीतरी काहीतरी विचारलं. त्याला अर्धंच समजलं. घशाशी एक विनोद आला होता. तो त्यानं गिळला.

"उभा राहा," तो म्हणाला, "माझ्याकडे बघून पुन्हा विचार. मला कमी ऐकू येतं."

मुलगा उभा राहिला आणि त्यानं प्रश्न पुन्हा विचारला.